जीपच्या नाकातला बोळा

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एक कल्पना करा. तुम्ही झोपेत असताना कुणीतरी तुमच्या नाकात कापडाचा बोळा कोंबला. सकाळी उठलात तर श्वास घेता येईना. तोंडाने घेऊ, असं तुमच्यातला एखादा शहाणा म्हणेल. घेऊ नका. मला तशी सोय नाही, म्हणून आज तुम्हांलाही नाही. तर श्वास कोंडला आणि सगळ्या अंगाला दरदरून घाम फुटला. घरची मंडळी धावत आली. काकांनी तुमच्या पायाला पट्टी बांधली. मामांनी गुडघ्याला मलम चोळलं. शेजारचे आजोबा म्हणाले, "वय झालं, दुसरं काय!" आणि सगळ्यांनी मिळून तुमचा घाम पुसला. तो पुन्हा फुटला, त्यांनी पुन्हा पुसला. नाकाकडे मात्र एकानेही पाहिलं नाही. आणि तुम्हांला बोलता येत नाही.

कसं वाटेल? उघडा डोळे. माझं अगदी असंच झालं होतं, आणि आठवलं की अजून माझं डोकं तापतं.

मी जीप आहे. जुनी, खाकी, डाव्या दिव्याने जरा तिरळी पाहणारी. मुंबईच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा मी रांगेतल्या बाकीच्या बहिणींसारखीच दिसत होते. वेगळेपण पुढे खड्ड्यांनी दिलं. तरुणपणी मी एका सरकारी खात्यात होते. तिथला ड्रायव्हर रोज सकाळी मला फडक्याने पुसायचा, तेलाची पट्टी बाहेर काढून तेल किती आहे ते पाहायचा आणि मगच चावी फिरवायचा. "गाडी असावी तर अशी!" असं साहेब पाहुण्यांना सांगायचे. मग नव्या गाड्या आल्या. मला कार्यालयाच्या मागे बाभळीखाली उभं केलं. पावसाळे गेले. सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला. तेच साहेब रोज माझ्या शेजारून जायचे, पण त्यांची मान माझ्याकडे वळायची नाही. शेवटी अठ्ठ्याण्णव साली माझा लिलाव झाला आणि मला भिकाजीने घेतलं.

भिकाजी मुळशीतल्या कोळवण खोऱ्यातला. भाताच्या खाचरांच्या कडेला त्याची वस्ती आहे. त्याने उंदरांचा संसार उठवला, सीट नवी शिवून घेतली आणि मला कामाला लावलं. कोळवण ते पौड माणसं न्यायची, येताना खताची पोती आणायची, कुणाचं बाळंतपण असलं तर आडवेळेला धावायचं. बायको चंद्रकला आणि लेक वैशाली हे त्याचं कुटुंब. वैशाली तेव्हा जेमतेम तीन वर्षांची होती. माझ्या मागच्या पायरीवर बसून ती भाकरी खायची आणि अर्धी मला भरवायची. जीप भाकरी खात नाही, हे तिला पटायला बराच काळ लागला.

पुढे खोऱ्यातल्या बायकांना उरवड्याच्या एका कारखान्यात काम मिळालं. डब्यांत माल भरायचा आणि डबे बंद करायचे. चंद्रकलाही जाऊ लागली. पहिली पाळी सकाळी सातची, आणि आमच्याकडे पहिली एसटी येते तेव्हा ती पाळी केव्हाच सुरू झालेली असते. म्हणून कारखान्याने मला लावून घेतलं. रोज पहाटे बायका वस्तीवरून माझ्यात बसायच्या आणि भोंग्याच्या आधी मी त्यांना आवारात उतरवायची. मी गेले नाही तर त्या पोचणार नाहीत, आणि पोचल्या नाहीत तर काम जाणार. एवढं माझ्यावर अवलंबून होतं. मी एकही दिवस चुकवला नाही. पावसाचा सुद्धा.

आता तो बोळा.

दोन हजार सहा सालचा दसरा आला. त्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तनाला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. वस्तीतली मंडळी पांढरे कपडे घालून देहूरोडच्या विहारात जाणार होती, आणि अर्थात माझ्यातून. आदल्या दिवशी खंडेनवमी. दुसऱ्या दिवशीच्या पूजेसाठी गावचे ट्रॅक्टर, मोटारसायकली, टेम्पो, सगळी जत्रा धुण्यासाठी वळकी नदीच्या पात्रात उतरली होती. भिकाजीनेही मला पाण्यात घातलं.

"पांढरी लुगडी बसनार हायेत," तो वैशालीला म्हणाला. "गाडी कशी आरशासारखी पायजे."

माझ्या इंजिनाच्या बाजूने एक नळी निघते आणि वाकून खाली येते. मेकॅनिक तिला ब्रीदर म्हणतात. मी तिला माझं नाक म्हणते. पाणी नळीच्या टोकाच्या अगदी जवळ आलं होतं. आत पाणी शिरू नये म्हणून भिकाजीने आपल्या फाटक्या सदऱ्याची बाही टरकावली, तिचा बोळा केला आणि अंगठ्याने नळीत आतपर्यंत सारला. मित्रांनो, विचार चांगला होता. काळजी घेणाऱ्या माणसाचाच विचार होता तो. पण तेवढ्यात पलीकडे एक ट्रॅक्टर वाळूत रुतला. "भिकाजी, ये रं, हात लाव!" अशी हाक आली आणि भिकाजी हात लावायला गेला. आला तो "झाली धुवून, चला" म्हणतच.

बोळा राहिला तो राहिलाच.

आता नाक बंद झालं की जीपचं काय होतं, ते समजून घ्या. माझ्या पोटात डिझेल जळतं आणि त्या जोरावर दट्टे खालीवर होतात. जळताना थोडा धूर दट्ट्यांच्या कडेने निसटून खाली, जिथे तेल असतं तिथे, उतरतो. तो रोजचाच आहे. तो नळीवाटे बाहेर पडतो आणि मला बरं वाटतं. नळी बंद झाली तर तो जाणार कुठे? आईच्या कुकरची शिट्टी अडकली तर वाफ काय करते? रिंगेच्या फटीतून, झाकणाच्या कडेतून, जिथे जागा मिळेल तिथून फुसफुसते. माझ्या पोटातला धूर तसाच फटी शोधू लागला आणि जाताना तेल ढकलत बाहेर नेऊ लागला. वरच्या झाकणाच्या कडेतून तेल झिरपायचं, इंजिनाच्या अंगावरून ओघळायचं आणि तळाला येऊन टपकायचं.

टपकलेलं तेल सगळ्यांना दिसलं. भिकाजीने खाली वाकून पाहिलं आणि निदान केलं, "खालचं चेंबर गळतंय." चेंबर म्हणजे माझ्या पोटाखालचं तेलाचं भांडं. त्याने पाना घेऊन त्याचे बोल्ट आवळले. तेल गळत राहिलं. त्याने आणखी आवळले. मी मनात म्हटलं, अरे बाबा, पायाला पट्टी बांधतोयस तू!

गोजराबाई ही आमच्या बायकांमधली सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत बोलकी. ती म्हणाली, "साबन चोळ की रं. आमच्या घरधन्याच्या फटफटीची टाकी साबनानं बंद झाली व्हती." भिकाजीने साबण चोळला. मुळशीच्या रस्त्यांवर त्या दिवशी फेस काढत धावणारी मी एकटीच जीप असेन. कोळवणला बंगला बांधून राहिलेले अण्णासाहेब फिरायला आले होते. त्यांनी काठी माझ्याकडे रोखून सांगितलं, "अहो, जाड तेल घाला. माझ्या जुन्या मोटारीला मी तेच घालत असे." मला जाड तेल पाजलं. ते जाड तेल सावकाश, ऐटीत गळू लागलं.

मग पिरंगुटचा मेकॅनिक विलास. विलास वाईट कारागीर नाही, हे आधीच सांगते. पण तेव्हा त्याच्या दारात फार्महाउसवाल्यांच्या नव्या गाड्यांची रांग लागलेली असायची, आणि घाईत माणूस जिथे थेंब पडतो तिथेच बघतो. त्याने माझं चेंबर उतरवलं, नवं पॅकिंग घातलं, वर काळा चिकट लेप लावला आणि करकचून आवळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब. त्याने पुन्हा उतरवलं. तिसऱ्या वेळी तो माझ्याखाली उताणा पडला होता, तेव्हा त्याचं डोकं माझ्या नळीपासून वीतभर लांब होतं. वीतभर! मी इंजिन थरथरवून पाहिलं, आचके दिले, धूर काढला. त्याने काय करावं? म्हणाला, "थरथरतीया बघ. म्हातारी झाली, भिकाजी. इंजिन खोलावं लागंल."

"तू नीट आवळत न्हाईस, त्याला म्हातारी काय करनार?" भिकाजी चिडला.

"मग तूच आवळ की!"

"पॅकिंगच खराब दिलंस तू!"

दोघांचं भांडण रस्त्यावर आलं. भिकाजीने पौडपर्यंत सगळ्यांना सांगितलं की विलासने माझ्या गाडीचं वाटोळं केलं. विलासने सगळ्यांना सांगितलं की भिकाजीची गाडी भंगारात घालायच्या लायकीची आहे. आणि मी दोघांच्या मध्ये उभी राहून तेल गाळत होते.

एवढ्यावर भागलं असतं तर मी सोसलं असतं. पण कारखान्याने दिवाळीआधी आवारात नवं काँक्रीट घातलं, पांढरंशुभ्र. तिथे माणसांच्या जाण्यायेण्याचं पाहणारे कौस्तुभ साहेब होते. लातूरकडचे, तरुण, फळीला लावलेले कागद नेहमी हातात. त्यांनी माझ्याखालचे डाग पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"दादा, हे काय आहे?"

"तेल हाय, साहेब. आज-उद्या थांबंल."

"तुम्ही दसऱ्यापासून हेच सांगताय. वरून मला बोलणी बसतात हो! सोमवारी शेवटचं बघतो. एक जरी थेंब पडला, तर मंगळवारपासून दुसऱ्या कंत्राटदाराची बस लावणार."

"ती वस्तीवर येनार का?" चंद्रकलाने विचारलं.

"पौडच्या स्टँडपर्यंत येईल, ताई."

वस्तीवरून पौडपर्यंत जायचं कशाने? बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. घरी जाताना त्या दिवशी कुणी गाणं म्हटलं नाही, गोजराबाईनेही नाही. संध्याकाळी एक भंगारवाला येऊन मला बोटाने टकटक वाजवून गेला. मंगळवारी येतो म्हणाला. मित्रांनो, तुम्हांला कुणी असं वाजवून पाहिलंय का? पाहू नये.

रविवारी वैशालीला दिवाळीची सुट्टी होती. ती सहावीत होती आणि आता भाकरी भरवत नव्हती, पण माझ्या पायरीवर अजूनही बसायची. भिकाजी माझ्याखाली पडून चौथ्यांदा तेच बोल्ट आवळत होता. ती बराच वेळ पाहत राहिली.

"आबा, आपलं घर गळतं तवा थेंब कुटं पडतो?"

"चुलीम्होरं. का?"

"आन् फुटकं कौल कुटं असतं?"

"वर, आढ्यापाशी. पानी वाशावरनं घरंगळत येतं. अगं, का इचारतीस?"

"मग घर गळतं तवा तुमी चुलीम्होरची जमीन लिंपता का?"

भिकाजी खालून बाहेर आला. तोंडाला काळं लागलेलं. दारात तांदूळ निवडणारी चंद्रकला खो खो हसली. मी हसू शकत नाही, नाहीतर मीही हसले असते. मुळशीच्या पावसात वाढलेली ही सगळी माणसं! थेंब पडतो एकीकडे आणि भोक असतं दुसरीकडे, हे त्यांना बाळपणापासून ठाऊक. छपराखाली उभे राहिले की आठवतं, जीपखाली पडले की विसरतात.

वैशालीने मला रॉकेलच्या फडक्याने वरपासून खालपर्यंत स्वच्छ पुसलं. मग घरात गेली आणि एक डबी घेऊन आली.

"वैशे! माझी पावडर हाय ती!" चंद्रकला ओरडली.

"थोडीच घेते, आई."

थोडी म्हणता म्हणता तिने माझ्या इंजिनावर एवढी पावडर शिंपडली की मी लग्नाला निघाल्यासारखी दिसू लागले. कोरड्या पावडरीवर तेलाचा थेंब आला की डाग लगेच दिसणार, असा तिचा हिशेब. भिकाजीने मला चालू केलं. ती लांबूनच वाकून पाहत राहिली. चालू इंजिनात हात घालायचा नसतो, मित्रांनो. तिने घातला नाही, तुम्हीही घालू नका.

आधी वरच्या झाकणाची कड ओली झाली. मग बाजूची. मग पुढची. मग तर सगळ्याच फटी ओल्या दिसू लागल्या.

भिकाजीचा चेहरा उतरला. "सगळीकडूनच गळतंय. म्हंजे म्हातारी खरंच संपली."

मी काय सांगू तुम्हांला! इतक्या जवळ आली होती पोर! सगळीकडून गळतंय, म्हणजे फटींचा दोष नाही, आतून कुणीतरी ढकलतंय. पण रविवार तिथेच संपला. भिकाजीने मला पुसलं नाही की झाकलं नाही. नुसता माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला, आणि मग जेवायला गेला.

सोमवारी पहाटे आम्ही निघालो. वैशालीही हट्टाने पुढे बसली, मांडीवर पावडरची डबी. पिरंगुटवरून जाताना विलासचं गॅरेज लागलं. भिकाजीने मान दुसरीकडे फिरवली.

भोंग्याला अजून वेळ होता. बायका आवाराच्या कडेला उतरून उभ्या राहिल्या. भिकाजीने मला नव्या काँक्रीटच्या अलीकडे, खडीवरच थांबवलं, पण बंद केलं नाही. माझी बॅटरी त्या दिवसांत इतकी मेली होती की एकदा बंद झाले, तर ढकलल्याशिवाय चालू व्हायची नाही. त्याने बॉनेट उघडलं, रस्त्यात गळून गेलेल्या तेलाची भर घालायला तेल ओतायचं छोटं झाकण काढलं, थोडं तेल ओतलं, आणि तेवढ्यात फाटकापाशी कौस्तुभ साहेब दिसले. झाकण तसंच बॅटरीवर ठेवून तो गडबडीने त्यांच्याकडे गेला. "साहेब, आजचा दिवस बगा..." असं काहीतरी तो बोलत राहिला.

वैशालीने पुन्हा वरच्या मोठ्या झाकणाच्या कडेवर पावडर शिंपडली आणि लांबून पाहू लागली. कड कोरडी. ती पाहतच राहिली. कड कोरडीच.

भिकाजी परत आला, त्याने तेलाचं झाकण लावलं. थोड्याच वेळात पावडरीवर काळा टिपका उमटला.

"आबा, झाकन परत काढा."

"कशाला? धूर नाकात जातोय."

"काढा की!"

त्याने काढलं. फुस्स! असा आवाज झाला. खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं असतं. टिपका वाढायचा थांबला. वैशालीने पुन्हा झाकण लावायला सांगितलं. टिपका वाढला. पुन्हा काढायला लावलं.

"आगं, खेळ मांडलाय का?" भिकाजी वैतागला. "साहेब येत्यात!"

"आबा, ही गळत न्हाई. हिचा श्वास कोंडलाय. आईच्या कुकरसारखं झालंय. हिची शिट्टी कुटं हाय?"

भिकाजी इंजिनावर वाकला. त्याने माझ्या इंजिनाच्या बाजूने बोट फिरवत नेलं. नळीपाशी बोट थांबलं.

"ती नळी... तिच्यातनं धूर येतो एरवी."

"आता येतोय का?"

भिकाजीने खाली वाकून पाहिलं. "न्हाई."

"मग बंद करा गाडी. मी बघते."

"बंद केली तर ढकलायला कोन, तुझा मामा येनार?"

"आबा, बंद करा."

त्याने बंद केलं. मी गप्प झाले. वैशाली माझ्या बाजूला गुडघ्यांवर बसली, नळीत बोट घातलं आणि चिमटीत एक टोक पकडून ओढलं. ते येईना. तिने दोन्ही हातांनी ओढलं. बोळा सुटला आणि त्याच्यामागे नळीत साठलेलं काळं तेल भक्कन बाहेर आलं. तिच्या झग्यावर, खडीवर, आणि माझ्या दुर्दैवाने थोडं त्या पांढऱ्याशुभ्र काँक्रीटच्या काठावरही. नेमके त्याच क्षणी कौस्तुभ साहेब तिथे पोचले.

"बघा!" साहेब म्हणाले. "बघा दादा, मी काय म्हणत होतो?"

वैशालीने बोळा पिळून उलगडला. काळा झालेला, पण काठाला निळ्या रेघा अजून ओळखू येत होत्या.

गोजराबाई पुढे आली. तिने वाकून नीट पाहिलं. "भिकाजी, ही तर तुझ्याच सदऱ्याची बाही. त्यो निळ्या पट्ट्यांचा. नदीवर व्हता न्हवं अंगात?"

भिकाजीचे कान लाल झाले.

"आन् शिव्या कुनाला घालत व्हतास? विलासला!"

"मावशी, आता गप बसा," चंद्रकला म्हणाली, पण हसू दाबतच.

"गप कशी बसू? साबन माझा वाया गेला त्याच्यात!"

मित्रांनो, मी वैतागलेली म्हातारी आहे, म्हणून एवढं इथेच सांगून टाकते. माझ्यासारख्या वस्तू बोलत नाहीत, पण गळतात, कुरकुरतात, तापतात, थरथरतात. तीच आमची भाषा. थेंब दिसला की पुसायची घाई करू नका. तो कुठून निघाला ते वर पाहा. आणि काही बंद केलंत, तर आठवणीने उघडा. आमची काळजी घ्यायला याहून फार काही लागत नाही. पण हे सगळं मला त्या सकाळी बोलता आलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं, कारण साहेब फळीवर काहीतरी लिहायला लागले होते.

"साहेब, थांबा," वैशाली म्हणाली. तिने त्याच बाहीने काँक्रीटचा काठ घासून पुसला. मग साहेबांसमोर उभी राहिली. "हे तेल मागं अडकलेलं व्हतं. आता नवं गळनार न्हाई. तुमी एक कोरा कागद द्या."

"कशाला?"

"गाडीखाली ठेवते. भोंगा होईपर्यंत. थेंब पडला तर आमी आमच्या पायांनी जातो."

साहेबांनी भिकाजीकडे पाहिलं, चंद्रकलेकडे पाहिलं, कडेला उभ्या बायकांकडे पाहिलं. मग फळीवरून एक कागद काढून दिला.

"पण गाडी चालू पाहिजे," ते म्हणाले. "बंद गाडी काय गळणार?"

"मग ढकला," गोजराबाई म्हणाली.

"मी?"

"न्हाईतर काय आमीच? या, या, लाजू नका. बाजूनं धरा."

बायकांनी पदर खोचले. साहेबांनी फळी चंद्रकलेच्या हातात दिली आणि माझ्या मागच्या पत्र्याला हात लावला. भिकाजीने तेलाचं झाकण घट्ट लावलं, बॉनेट मिटलं आणि तो स्टिअरिंगपाशी बसला. "हां... जोर लावा!" मी खडीवरून हलले, धावले, आचका दिला आणि चालू झाले. भिकाजीने मला वळवून काँक्रीटवर बरोबर मधोमध आणून उभं केलं. वैशालीने कागद चेंबरच्या खाली सरकवला, त्याच्या कोपऱ्यांवर खडे ठेवले, आणि थोडं लांब, मांडी घालून बसली.

"साहेब, तुमीबी बसा की. उभ्यानं दिसत न्हाई."

साहेब उकिडवे बसले. त्यांच्या तळहाताला माझी काजळी लागली होती. बायका वाकल्या. भिकाजी स्टिअरिंग घट्ट धरून समोर पाहत होता, खाली पाहायची त्याची हिंमत होत नव्हती. माझ्या नळीतून धूर निघत होता, बारीक, निळसर, मोकळा. किती दिवसांनी! मी श्वास घेत होते आणि सगळे मिळून एका कागदाकडे बघत होते.

भोंगा झाला.

वैशालीने खडे काढले, कागदाचा काठ धरून तो बाहेर ओढला आणि साहेबांना दिला. साहेबांनी तो उलटा करून पाहिला, उजेडात धरून पाहिला. त्यांच्याच बोटांचे काळे ठसे होते. बाकी काही नव्हतं. बायका घाईघाईने पाळीवर पळाल्या.

"बरं," ते म्हणाले, आणि कागदाची घडी घालू लागले.

वैशालीने तो त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला. माझ्या बॉनेटवर पसरला, तळहाताने सपाट केला.

"ह्याच्यावरच लिवा, साहेब. ही गाडी वस्तीवरनं यील म्हनून. आन् खाली सही करा."

साहेबांनी खिशातून पेन काढलं. पण मी चालू होते, बॉनेट थडथडत होतं आणि पेन कागदावर नुसतं नाचत होतं.

"आबा, बंद करा जरा," ती म्हणाली. "साहेबांचं अक्षर हालतंय."

भिकाजीने मला बंद केलं. साहेब लिहू लागले. सही होईपर्यंत ती थांबली नाही. माझ्या मागे गेली, बाह्या वर सारल्या, दोन्ही तळहात माझ्या पत्र्याला टेकवले आणि ओरडली, "साहेब, झालं की या हं! पुन्हा ढकलायचंय!"